तेरवीचं जेवण उठलं, आता लेकराचं काय?



आधी शिवाराची नोंद. पोळा होऊन आठ दिवस झाले. सोयाबीन दाणे भरायच्या टप्प्यावर आहे. मधल्या उघडिपीनं हलक्या जमिनीवर थोड्या शेंगा पोचट राहतील असं दिसतं, भारी जमिनीवर पीक बरं आहे. पऱ्हाटीला पात्या-फुलं चांगली लागली, पण गेल्या दोन-तीन दिवसांच्या ढगाळ हवेनं पातेगळ सुरू झाली. तुरीत सखल जागी पाणी थांबलं तिथली रोपं माना टाकून राहिली आहेत. चर काढून पाणी बाहेर काढा. बाकी मागच्या नोंदीत लिहिलं तेच.

एवढं पिकाचं. आज बाकीचं सगळं लेकरांबद्दल आहे आणि भांडायच्या सुरात आहे. ज्याला फक्त फवारणीचं वेळापत्रक पाहिजे त्यानं इथंच थांबलं तरी माझा राग नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शेतकऱ्याच्या घरात मरण झालं की आपण गेलेल्या माणसाचं सगळं करतो. राख, दहावा, तेरवी. मग कर्जाचा हिशेब होतो, सातबाऱ्यावर वारस चढतात, बाईसोबत कोणीतरी तहसीलला चकरा मारतो. मागं राहिलेल्या लेकराच्या मनात काय चाललंय हे विचारायला मात्र कोणी जात नाही. जी थोडी माणसं आणि थोड्या संस्था हे काम करतात त्यांना पैसे द्यायची वेळ आली की आपला हात आखडतो. हे बदललं पाहिजे, आणि ते पिकवणाऱ्यांनीच बदललं पाहिजे. दुसरं कोणी येणार नाही.

आता आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० लोकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. शेतकरी आणि शेतमजूर मिळून. त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. त्या अहवालात गेलेल्या माणसाचं वय असतं, शिक्षण असतं, कारणांचे रकाने असतात. त्याच्या मागं किती लेकरं राहिली, याचा रकाना नाही. घरटी दोन धरली तरी एका वर्षात एका राज्यात आठ हजारांवर लेकरं होतात. हा माझा अंदाज आहे, अहवालातला आकडा नाही, कारण तो आकडा कोणी मोजतच नाही. आपण शेतात झाडं मोजतो, झाडावरची बोंडं मोजतो, एकरी रोपांची संख्या काढतो. आणि ही लेकरं मोजायची राहून गेली?

आणि ही फक्त आत्महत्येची गोष्ट झाली. वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून, ट्रॅक्टर उलटून, दवाखान्यात पैसे संपून गेलेल्यांची लेकरं वेगळीच.

शासनाचं काय? शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात एक लाखाची मदत आहे. २३ जानेवारी २००६ च्या निर्णयातली. त्यातले तीस हजार हातात येतात, सत्तर हजार ठेवीत जातात. तेही आधी पंचनामा, मग जिल्ह्याची समिती, मग पात्र की अपात्र हे ठरल्यावर. कर्ज बँकेचं होतं का? सावकार परवानाधारक होता का? जमीन कोणाच्या नावावर होती? यावर बापाचं मरण पात्र ठरतं नाहीतर अपात्र ठरतं. दहा वर्षांची पोरगी हे शब्द ऐकते. घरात चार माणसं बसून बोलतात, "यायचं प्रकरण अपात्र झालं." तिला त्यातलं काय समजत असेल? माझा बाप मरायलाही पात्र नव्हता, एवढंच.

एक योजना आहे तिचा उपयोग करा. बाल संगोपन योजना. आई किंवा बाप गेलेल्या लेकराला महिन्याला २,२५० रुपये मिळतात, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो. आमच्या भागातल्या बऱ्याच बायांना ही योजना माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे त्यांची ओरड असते की पैसे वेळेवर पडत नाहीत. तरी अर्ज करा, करून द्या. पण हे पैसे वह्या-पुस्तकाचे, तेलामिठाचे. लेकरू रात्री दचकून उठतं त्याचं उत्तर यात नाही.

आता लोक मला काय म्हणतात आणि मी त्यांना काय म्हणतो, ते एकेक करून सांगतो.

पहिलं म्हणणं: "लेकरं विसरतात हो. चार दिवस रडतात, पाचव्या दिवशी खेळायला लागतात."

लेकरू खेळायला लागलं म्हणजे विसरलं, हे कोणी सांगितलं? मोठा माणूस दुःख घेऊन बसून राहतो. लहान लेकराला तेवढा वेळ ते सोसत नाही. ते घडीभर रडतं, घडीभर खेळतं, परत रडतं. हे मनाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आहे आणि डोळे उघडे ठेवले तर आपल्यालाही दिसतं. पाच-सहा वर्षांच्या आतल्या लेकराला तर गेलेला माणूस परत येणार नाही हेच नीट कळत नाही. ते रोज विचारतं, बाबा कधी येणार. आपण सांगतो गावाला गेले, देवाघरी गेले, झोपले. मग ते झोपायलाच भितं. आई बाजाराला निघाली तरी पदर सोडत नाही, कारण "गावाला गेलेलं" माणूस परत येत नाही हे त्यानं पाहिलेलं असतं.

तुरीचा मर रोग आपल्याला माहीत आहे. बुरशी मुळातून आत शिरते तेव्हा झाड हिरवंगार दिसतं. वाळतं ते फुलोऱ्यात, शेंगा धरायच्या वेळी. मग आपण म्हणतो, काल तर चांगलं होतं. लेकराचंही तसंच होतं. बाप गेला तेव्हा तिसरीत होतं, शांत होतं. नववीत जाऊन शाळा सोडतं, अंगावर धावून येतं, बाटलीला हात लावतं. तोवर सहा वर्षं झालेली असतात आणि गाव म्हणतं, संगत बिघडली.

दुसरं म्हणणं: "आता तूच घरचा कर्ता. तू रडला तर मायनं कोणाकडे पाहावं?"

हे वाक्य मी किती तेरवींत ऐकलं त्याची गणती नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण बारा-चौदा वर्षांच्या पोराला हे सांगणं म्हणजे गोऱ्ह्याच्या मानेवर जू ठेवणं. आपण गोऱ्हा किती वर्षांचा झाल्यावर जुंपतो? दात बघतो, खांदा बघतो, आधी रिकामा फिरवून सवय लावतो. पोराचं काही बघत नाही. आमच्या भागात एका चौदा वर्षांच्या पोराचा बाप गेला. पंधराव्या दिवशी पोराच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. लोक कौतुक करत होते, पोरगा लई समजदार निघाला. शाळा त्याची त्याच हंगामात सुटली. तीन वर्षांत कोणी त्याला रडताना पाहिलं नाही, आणि हसतानाही पाहिलं नाही. याला समजदारी म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणत नाही.

पोरीचं आणखी वेगळं. पोरीला कोणी कर्ता म्हणत नाही. तिच्याबद्दल फक्त एक प्रश्न विचारला जातो, हिचं लग्न कसं होणार. आणि मग दहावीच्या आत उरकून टाकायची घाई. बाप गेला, त्यामागं शाळा गेली, त्यामागं आईचं घरही गेलं.

तिसरं म्हणणं: "आमचेही बाप लवकर गेले. आमच्या वेळी कुठं होतं समुपदेशन? आम्ही नाही का जगलो?"

जगलो. पण तेव्हा वाड्यात वीस माणसं होती. आजी होती, आत्या होती, काका मारायला होता आणि मांडीवर घ्यायलाही होता. संध्याकाळी ओट्यावर कोणीतरी गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगत बसायचं. तो असा होता, त्यानं ती विहीर अशी खोदली, त्याचा बैल असा होता. लेकरू ते ऐकत ऐकत झोपायचं. औषध म्हणा नाहीतर काही म्हणा, ते तिथं आपोआप मिळायचं. आता घरात आई आणि दोन लेकरं. आई दिवसभर मजुरीला. हातात मोबाईल. ओट्यावर कोणी बसत नाही. आणि आत्महत्येचं मरण असेल तर त्या माणसाचं नावच कोणी काढत नाही. शाळेत पोरं चिडवतात. सोयरे यायचे कमी होतात. आपण जुनी आजी-आत्या बंद केली आणि नवीन काही सुरू केलं नाही. मग लेकराचं ऐकणार कोण?

एका शाळेतल्या बाईंनी मला सांगितलेली गोष्ट आहे. आठ वर्षांची मुलगी. बाप गेल्यावर तिनं नवीन वही घेणंच बंद केलं. जुन्या वहीच्या कडेला, मागच्या पुठ्ठ्यावर लिहायची. बाईंनी वही दिली तर परत करायची. खूप दिवसांनी बोलली. ज्या दिवशी बाप गेला त्या दिवशी सकाळी तिनं वहीसाठी पैसे मागितले होते. तिच्या हिशेबात बाप त्या पैशांमुळे गेला. हे ओझं ती चार महिने एकटी वागवत होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की तुझ्यामुळं काही झालं नाही. सांगणार कसं? तिच्या मनात असं काही असेल हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या घरी तोवर दोन संस्था येऊन गेल्या होत्या. एकीनं दप्तर दिलं, दुसरीनं वह्यांचा गठ्ठा.

वह्यांचा गठ्ठा! यातच सगळं आलं.

चौथं म्हणणं जास्त तगडं आहे आणि ते आपल्या चळवळीतली माणसं करतात. "भाऊ, मूळ दुखणं भावाचं आहे. कापसाला, सोयाबीनला भाव द्या, कर्जाचा फास काढा, मग मरणंच थांबतील. हे मन-बिन वरवरची मलमपट्टी आहे."

भावाचं भांडण खरं आहे आणि ते मी सोडलेलं नाही. आपल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाच्या आठवणीत १९ मार्चला अन्नत्याग होतो. ती घटना १९८६ ची. इतकी वर्षं आपण कारणांवर बोलतोय आणि बोललंच पाहिजे. पण भाव मिळेपर्यंत त्या लेकरानं थांबायचं का? ते आज आठ वर्षांचं आहे. भाव पुढच्या निवडणुकीत मिळेल की त्याच्या पुढच्या, तोवर ते अठराचं होईल. बांध फुटला तर बांधही घालायचा असतो आणि वाहून चाललेलं वासरूही धरायचं असतं. आणि दुसरी गोष्ट. ज्या घरात एकानं असा जीव दिला त्या घरातल्या पुढच्या पिढीला धोका जास्त असतो, हे अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे लेकराचं मन सांभाळणं हे पुढचं मरण टाळण्याचंच काम आहे. याला मलमपट्टी म्हणू नका.

पाचवं म्हणणं: "संस्थावाले पैसे खातात."

काही खातात. बोगस बियाणं निघतं म्हणून आपण पेरणी सोडली का? पावती घेतो, पिशवीवरचा टॅग जपतो, उगवण तपासतो. संस्थेचंही तसंच तपासा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का ते पाहा. मागच्या तीन वर्षांचं ऑडिट मागा, दाखवत नसतील तर देऊ नका. मग हे प्रश्न विचारा. लेकराशी बोलणाऱ्या माणसाला प्रशिक्षण कोणी दिलं? एका लेकराकडे वर्षातून किती वेळा जाता? किती वर्षं जाता? आईलाही सोबत घेता का? लेकरू जास्त बिघडलं तर कोणत्या डॉक्टरकडे नेता? जी संस्था याची सरळ उत्तरं देईल ती चांगली. जी किती दप्तरं वाटली एवढंच सांगेल तिला नमस्कार करून सोडा.

फोटोचंही विचारा. बापाच्या फोटोला हार, बाजूला लेकरू, हातात धनादेश, मागं बॅनर. हा फोटो गावभर, जिल्हाभर फिरतो. पुढं पाच वर्षांनी वर्गातलं पोरगं तोच फोटो मोबाईलवर दाखवून चिडवतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या लेकराची ओळख माध्यमांत उघड करायला मनाई केलेली आहे. आपले पुढारी आणि दानशूर यांना हे कलम कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. माझ्या पानावर असा फोटो टाकाल तर मी काढून टाकीन, कोणाचाही असो.

आता चांगलं काय चाललंय तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसताच ओरडतो.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. गावंच्या गावं आडवी झाली. तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे लेकरं पुण्याला नेली, त्यांचं शिक्षण केलं. वाघोलीला त्यांचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र आहे, पुढं शेतकरी आत्महत्येच्या घरातली लेकरंही तिथं आली. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं शांतिवन आहे. ऊसतोड मजुरांची, आत्महत्याग्रस्त घरातली लेकरं तिथं राहतात, शिकतात. आळंदीजवळ अशोक देशमाने यांचं स्नेहवन आहे. परभणीकडचा शेतकऱ्याचा पोरगा, पुण्यातली कंप्युटरची नोकरी सोडून हे करतो. २०१५ ला नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी नाम सुरू केलं तेव्हा आपल्या बायांना निदान कोणीतरी विचारायला आलं. पुण्यात कनेक्टिंग नावाची संस्था आहे. आत्महत्येनं माणूस गमावलेल्या लोकांचं बोलणं ऐकून घ्यायचं काम ती करते. ही सगळी नावं मी कोणाची जाहिरात म्हणून देत नाही. तुम्ही तुमच्या परीनं तपासा.

पण यातही एक भेद लक्षात घ्या. वसतिगृह हे ज्या लेकराला घरच उरलं नाही त्याच्यासाठी मोठा आधार आहे. ज्याची आई आहे, आजी आहे, त्याला उचलून दोनशे कोस लांब नेलं की बाप गेल्यावर आईही गेल्यासारखं होतं. अशा लेकराला घरीच ठेवून, त्याच्याच गावात, त्याच्याशी बोलणारं माणूस पोचलं पाहिजे. ते माणूस आज जवळजवळ कुठंच नाही.

असं माणूस गावातच तयार होतं याचा पुरावा आपल्याच विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यात तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, कोणाचं मन खचलंय ते कसं ओळखायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, कधी डॉक्टरकडे पाठवायचं. खचलेल्या लोकांपैकी आधी शंभरात जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षात ते सत्तावीस झाले. २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या मोठ्या मासिकात ते छापून आलं. तो प्रकल्प मोठ्या माणसांच्या उदासीचा होता, लेकरांच्या दुःखाचा नव्हता. शासनाच्या प्रेरणा प्रकल्पाचीही तीच गोष्ट, तो शेतकऱ्यासाठी आहे. पण रीत तर सापडलेली आहे. गावातली शिकलेली सून, निवृत्त मास्तर, आशाताई, यांना शिकवलं तर जमतं. तेच लेकरांसाठी करायचं आहे.

मग अडतं कुठं? पैशावर अडतं, आणि तेही एका विशिष्ट जागी. दप्तराला देणगी मिळते, सायकलीला मिळते, शिलाई मशीनला मिळते. कारण त्यावर नाव टाकता येतं. लेकराजवळ तासभर गप्प बसणाऱ्या माणसाच्या पगाराला कोणी देणगी देत नाही. देणारा म्हणतो, माझा पैसा पगारात जायला नको, लेकरापर्यंत गेला पाहिजे. अहो, या कामात तो माणूस म्हणजेच लेकरापर्यंत पोचणारी गोष्ट आहे! शेताच्या भाषेत सांगायचं तर आपण पाइप विकत घ्यायला तयार आहोत आणि विजेचं बिल भरायला तयार नाही. मग पाणी येणार कुठून?

म्हणून माझा प्रस्ताव. कागद-पेन घ्या.

एकरी दोन किलो सोयाबीन. बस. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ होता, तो मिळत नाही हे वेगळं भांडण, म्हणून क्विंटलला चार हजार धरा. एकरी ऐंशी रुपये झाले. हजार एकर सोयाबीनच्या गावात वीस क्विंटल जमतं, म्हणजे ऐंशी हजार. पाच गावं मिळून चार लाख. महिन्याला तेहतीस हजार. यात एक शिकलेला, प्रशिक्षण घेतलेला माणूस पाच गावांसाठी वर्षभर ठेवता येतो, पेट्रोलसकट. तो माणूस आपण नेमायचा नाही. आपल्याला त्यातलं कळत नाही आणि मग नात्यागोत्याचा नेमला जाईल. चांगली संस्था निवडून तिच्याकडे पैसा द्यायचा, आणि तो पगारासाठीच आहे असं लिहून द्यायचं. निदान तीन वर्षं. एक हंगाम देऊन बंद केलं तर लेकराला कोणीतरी परत सोडून गेलं असं होतं. त्यापेक्षा सुरूच करू नका.

दोन किलो म्हणजे किती? मळणीच्या वेळी खळ्यावर आपण झाडून सोडतो त्यापेक्षा कमी. तेरवीला दीडशे-दोनशे ताटं उठतात, त्यातली चार कमी केली तर तेवढे निघतात. आता गणपती बसले आहेत. मंडळाची वर्गणी बिनबोभाट निघते आणि त्यातली निम्मी साउंडवाल्याला जाते. एका रात्रीच्या डीजेत एका माणसाचा महिन्याचा पगार वाजून जातो. गणपतीला माझा विरोध नाही, मी स्वतः आरतीला असतो. पण विद्येची देवता म्हणून ज्याला बसवलं त्याच्या मंडपासमोरून शाळा सुटलेलं पोरगं पंप घेऊन वावरात जातं, हे मला बघवत नाही. करमाफीची पावती विचारणाऱ्यांना सांगतो, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, तुम्हाला ८० जी चा काय उपयोग?

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रातले साहेब लोक, कंपन्यांचे प्रतिनिधी, कृषी सेवा केंद्रवाले, तुम्हालाही सांगायचं आहे. तुम्ही हे पान वाचता हे मला माहीत आहे. गावात कोणतं घर कुठं आहे, कोणाची उधारी किती थकली, कोणाचं वावर यंदा पडीक आहे, हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर तुम्ही हंगामात चार वेळा जाता. ज्या घरात मरण झालं त्या घरी एकदा नुसतं बसायला जा. लेकराचं नाव घेऊन विचारा. त्या घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते पाहा, कुलपात ठेवायला लावा, उरलेलं परत घ्या. शेतीशाळेत किडीची आर्थिक नुकसान पातळी शिकवता, तिथंच दहा मिनिटं घेऊन टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक सांगा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. लेकरांसाठी १०९८ आहे.

आणि ज्यांच्या शेजारी असं घर आहे त्यांनी प्रशिक्षणाची वाट पाहू नये. लेकराला खरं सांगा, सोप्या शब्दांत. बाबा वारले, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही. शेवटचं वाक्य दहा वेळा सांगा. रडू द्या. बापाचं नाव घ्या, त्याच्या गोष्टी सांगा. पोळ्याला, दिवाळीला, बापाच्या तिथीला आवर्जून जा, कारण त्या दिवशी घर जास्त रिकामं असतं. यंदाच्या पोळ्याला बैल सजवायला त्या घरी कोण गेलं होतं, ते आपापल्या गावात विचारून बघा. लेकरू जेवत नसेल, झोपत नसेल, महिनोन् महिने गप्प असेल किंवा मरायची भाषा करत असेल तर थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी फोन लावा, जिल्हा रुग्णालयात न्या.

सोयाबीन काढायला अजून महिनाभर आहे. तोवर गावात चार जणांनी बसून ठरवा. कोणाच्या खळ्यावर कट्टा ठेवायचा, कोण वजन करणार, कोण संस्थेचं ऑडिट बघणार. ज्याला पटत नाही त्यानं खाली खुशाल लिहा, मी उत्तर देतो. फक्त "लेकरं विसरतात" हे परत लिहू नका. त्यापेक्षा तुमच्या गावात अशी लेकरं किती आहेत ते मोजा आणि तो आकडा लिहा. नावं नको, नुसता आकडा. निदान आपण तरी मोजायला सुरुवात करू.